घरच्या रेकॉर्डिंगसाठी कोणतं लिनक्स?

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतो आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. म्हणजे परभणी, सेलू, जिंतूर, मानवतच्या घराघरांत २०१६ च्या सुमारास घेतलेले जे लॅपटॉप अजून ठणठणीत चालतात, ते मायक्रोसॉफ्टच्या लेखी निकामी झाले. प्रत्यक्षात अशा लॅपटॉपमध्ये आठ जीबी रॅम असेल आणि जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवलेली असेल, तर आठ-दहा ट्रॅकचं रेकॉर्डिंग तो निवांत पेलतो. त्यावर लिनक्स टाकून घरीच गाणी रेकॉर्ड करावीत असं मनात आलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणती डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कोणता प्रकार, टाकू?

या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही. आधी विचारतो, रेकॉर्ड काय करणार आहात? कारण डिस्ट्रोचं नाव ही या कामातली शेवटून दुसरी गोष्ट आहे. तुमचं काम, तुमचा इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि लॅपटॉपचं वय या तीन गोष्टी ठरल्या, की डिस्ट्रो जवळजवळ आपोआप ठरते.

आपल्या परभणी जिल्ह्यात रेकॉर्ड करण्यासारखं काय कमी आहे? गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. गोदाकाठच्या गावांत भजनी मंडळं आहेत, पखवाज आणि हार्मोनियम आहे. गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेलेले राजारामभाऊ कदम परभणीचेच. तुराबुल हक यांच्या दर्ग्याच्या उरुसात कव्वाली असते. शिवाय लग्नासाठी गाणी करून देणारी, यूट्यूबवर टाकण्यासाठी स्वतःचं गाणं बांधणारी पोरं आहेत, आणि गल्लीगल्लीत डीजे मिक्स करणारे आहेत. वरवर हे सगळं एकच काम वाटतं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने यात दोन अगदी वेगळी कामं आहेत, आणि त्यांना वेगळं करणारी गोष्ट आहे लेटन्सी, म्हणजे आवाज आत जाऊन परत कानापर्यंत यायला लागणारा वेळ.

कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही, तुकड्यातुकड्याने घेतो. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने रेकॉर्डिंग चालू असेल आणि एका तुकड्यात २५६ नमुने असतील, तर तो एक तुकडा भरायला ५.३ मिलिसेकंद लागतात. तेवढाच वेळ बाहेर पडताना लागतो. इंटरफेसचा आणि यूएसबीचा स्वतःचा वेळ धरला की हा फेरा बारा-पंधरा मिलिसेकंदांवर जातो. तुकडा १,०२४ नमुन्यांचा केला तर एका बाजूलाच २१ मिलिसेकंद होतात. आता हे आकडे मोठे की लहान? हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. गोंधळात संबळवाला गाणाऱ्यापासून तीन मीटरवर उभा असेल, तर त्याला गाणं नऊ मिलिसेकंद उशिराच ऐकू येतं आणि त्याचा ठेका बिघडत नाही. म्हणजे दहाच्या आसपासचा उशीर माणूस पचवतो. पंचवीस-तीसच्या पुढे मात्र हात अडखळतो, आणि हेडफोनमधून स्वतःचाच आवाज असा उशिरा आला तर गाणारा वैतागतो.

मग तुकडा सरळ ६४ चा का करू नये? कारण तुकडा जितका लहान, तितकी कॉम्प्युटरची धावपळ जास्त. एखादा तुकडा वेळेत भरला नाही की आवाजात टक् असा खटका येतो. लिनक्सच्या जगात त्याला एक्सरन म्हणतात. एका चांगल्या टेकची माती करायला असा एक खटका पुरतो.

आता मूळ मुद्दा. भजन, पोवाडा, कीर्तन, कव्वाली, म्हणजे माइकसमोर प्रत्यक्ष गाणं-वाजवणं रेकॉर्ड करायचं असेल, तर तुम्हाला कमी लेटन्सीची गरज नाही. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर नावाचं बटण किंवा खुंटी असते. ती चालू केली की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. तुकडा खुशाल १,०२४ चा ठेवा, जुना लॅपटॉपसुद्धा तासभर खटका न खाता चालेल. नवा ट्रॅक आधीच्या ट्रॅकशी जुळवून ठेवण्याचं काम रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर करतं. आर्डर या सॉफ्टवेअरमध्ये तर इंटरफेसचं आउटपुट केबलने इनपुटला जोडून नेमका उशीर मोजून घेता येतो. अशा माणसाला कुठलीही धड डिस्ट्रो चालते.

कमी लेटन्सी हवी ती दुसऱ्या प्रकारच्या कामाला. मिडी कीबोर्डवर बोट ठेवलं आणि लॅपटॉपमधलं वाद्य वाजलं, गिटार लावली आणि अँप्लिफायर सॉफ्टवेअरमधला, किंवा गाताना हेडफोनमध्ये रिव्हर्ब हवाच असा हट्ट. इथे आवाजाला कॉम्प्युटरमधून फिरूनच यावं लागतं. मग कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, जडणघडण, प्रोसेसरचा वेग आणि डिस्ट्रोने आधीच करून ठेवलेल्या जुळण्या महत्त्वाच्या ठरतात.

या बाबतीत इंटरनेटवर मिळणारा बराचसा सल्ला शिळा झालेला आहे, म्हणून थोडं सांगतो. पूर्वी लिनक्सवर संगीत करायचं म्हणजे पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेलं जॅक नावाचं सॉफ्टवेअर वेगळं चालू करावं लागे. ते चालू झालं की ब्राउझरचा आवाज बंद पडे. त्यावर तोडगे शोधता शोधता संध्याकाळ संपायची. विम टायमन्स यांनी लिहिलेल्या पाइपवायरने ही कटकट मिटवली. एप्रिल २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने ते मूळ ध्वनिव्यवस्था म्हणून स्वीकारलं, उबंटूने २२.१० पासून, आणि लिनक्स मिंटने २२ व्या आवृत्तीपासून. जॅकसाठी लिहिलेली सॉफ्टवेअरं त्यावर तशीच चालतात. दुसरा बदल कर्नलमधला. रिअलटाइम कर्नलसाठी लागणारे बदल जवळपास वीस वर्षं मूळ कर्नलच्या बाहेर, वेगळे पॅच म्हणून फिरत होते. २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीत ते मूळ लिनक्समध्ये आले. त्यामुळे 'स्पेशल कर्नल असलेली डिस्ट्रोच घ्या, नाहीतर संगीत विसरा' असं कोणी सांगितलं, तर ते दहा वर्षांपूर्वीचं बोलतायत असं समजा.

डिस्ट्रोच्या आधी इंटरफेसचं बघू. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात काही लावून रेकॉर्डिंग करण्याचा नाद सोडा, तिथे खरखर येणारच. यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेताना एकच खूण लक्षात ठेवा: ड्रायव्हर न टाकता आयपॅडवर चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असेल, तर तो लिनक्सवरही चालण्याची खात्री जवळजवळ पूर्ण. अशा उपकरणांना क्लास कम्प्लायंट म्हणतात. बेहरिंगरची यूएमसी मालिका त्यातलीच. फोकसराइटच्या स्कारलेट इंटरफेसचा आतला मिक्सर हाताळण्याची सोयही आता कर्नलमध्ये आहे. तिसऱ्या पिढीची नवी स्कारलेट जोडली की आधी पेनड्राइव्हसारखी दिसते आणि तिच्या सगळ्या सोयी उघडत नाहीत. घाबरू नका. ४८ व्होल्टचं बटण दाबून धरा आणि मग केबल जोडा, ती त्या अवस्थेतून बाहेर येते. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामात कुठल्याच डिस्ट्रोवर वापरू नका. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढचा असतो.

आता नावं.

बहुतेक वाचकांना माझं उत्तर उबंटू स्टुडिओ आणि तीही एलटीएस, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती. २००७ पासून ही डिस्ट्रो चालू आहे. ध्वनीच्या कामाला प्राधान्य देण्याची परवानगी, ऑडिओ गटात तुमचं नाव, कर्नलची जुळणी हे सगळं तिच्यात आधीच केलेलं असतं. तुकड्याचा आकार बदलायला साधी खिडकी आहे. आर्डर, ऑडॅसिटी, हायड्रोजन, कार्ला ही सॉफ्टवेअरं सोबत येतात. एलटीएस दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि स्टुडिओसारख्या उपप्रकारांना तीन वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. गाणी करणाऱ्याने नऊ महिन्यांच्या आवृत्तीच्या मागे लागू नये. तिची एक अडचण आहे: केडीई प्लाझ्मा हा तिचा डेस्कटॉप देखणा आहे, पण चार जीबी रॅमच्या लॅपटॉपला तो जड जातो.

अशा अशक्त लॅपटॉपसाठी एक आडवाट आहे, आणि मला ती जास्त आवडते. झुबंटू किंवा लुबंटू टाका आणि मग सॉफ्टवेअरच्या यादीतून उबंटू स्टुडिओ इन्स्टॉलर घ्या. त्यातून फक्त ध्वनीचा भाग निवडा. डेस्कटॉप हलका राहतो, व्हिडिओ-फोटोची गर्दी येत नाही आणि जुळण्या सगळ्या मिळतात.

मिडी कीबोर्डवाल्यांनी एव्ही लिनक्स जरूर चालवून बघावी. ग्लेन मॅकआर्थर यांनी अनेक वर्षं एकट्याच्या बळावर ही डिस्ट्रो जोपासली. आता ती एमएक्स लिनक्सच्या, म्हणजे पर्यायाने डेबियनच्या पायावर उभी आहे. कमी लेटन्सीसाठी बांधलेला कर्नल, विंडोजचे प्लगइन चालवण्यासाठी लागणारं वाइन आणि याब्रिज, प्लगइनचा भरगच्च साठा हे सगळं तयार मिळतं. एका संगीतकाराने स्वतःच्या गरजेतून केलेली असल्याने तिच्यात शहाणपणाच्या बारीकसारीक गोष्टी दिसतात. धोकाही तिथेच आहे. एकच माणूस थकला तर पुढे काय? म्हणून तिचं मार्गदर्शक पुस्तक वाचायची तयारी असेल तरच घ्या.

ज्यांच्या घरी तोच लॅपटॉप मुलांचा अभ्यास, ऑनलाइन फॉर्म आणि पिकविम्याची कागदपत्रं यांनाही लागतो, त्यांनी लिनक्स मिंट घ्यावी. विंडोजवरून येणाऱ्या घरच्या मंडळींना ती परकी वाटत नाही. ऑडिओ गटात नाव घालणं, परवानगी देणं एवढं एकदा हाताने करावं लागेल. डायरेक्ट मॉनिटरवर भजनं रेकॉर्ड करणाऱ्याला तेही न केलं तरी चालतं. डेबियन १३ ही ऑगस्ट २०२५ मध्ये आली, तिच्यात कर्नल ६.१२ आहे. टाकली की वर्षानुवर्षं तिच्याकडे बघावं लागत नाही, पण सुरुवातीची मांडामांड तुमची.

फेडोरा जॅम चांगली आहे, नवं तंत्र तिच्यात सगळ्यांत आधी येतं, पण प्रत्येक आवृत्तीला साधारण तेरा महिनेच आधार मिळतो. आर्च आणि मांजारो सतत बदलत राहतात. ज्यांना गाण्यापेक्षा कॉम्प्युटरशी खेळण्यात जास्त रस आहे, त्यांच्यासाठी ठीक. आपली भारतीय डिस्ट्रो म्हणून सी-डॅकच्या बॉस लिनक्सबद्दलही विचारलं जातं. ती डेबियनवर आधारलेली आहे आणि भारतीय भाषांसाठी चांगली, पण ती कार्यालयं आणि शाळा डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. स्टुडिओसाठी तिच्यात वेगळं काही नाही.

लिनक्सवर जे होत नाही तेही आधीच कळलेलं बरं. एफएल स्टुडिओ आणि क्युबेस लिनक्ससाठी निघत नाहीत. डीजे मिक्सचं सगळं काम एफएल स्टुडिओच्या फायलींवर चालत असेल, तर विंडोज ठेवा आणि बाजूला लिनक्स टाका. लिनक्सवर चालणारं एलएमएमएस एफएल स्टुडिओच्या वळणाचं आहे, पण त्याच्या फायली उघडत नाही. भारतीय वाद्यांच्या बऱ्याच विकतच्या साउंड लायब्रऱ्या काँटॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात, आणि काँटॅक्टला लिनक्सचा अधिकृत आधार नाही. वाइनमधून एखादे वेळी चालतं, पण त्याच्या भरवशावर कोणाच्या लग्नाचं गाणं घेऊ नका. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या स्टुडिओत मिक्सिंगला पाठवायचं असेल तर मात्र काही अडत नाही. प्रत्येक ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या वेव्ह फाइलमध्ये काढून द्या. समोरच्याकडे क्युबेस असो की आणखी काही, ते उघडतंच.

आणि खरं सांगायचं तर संबळाची विकतची लायब्ररी घेण्यापेक्षा स्वतःच्या गावचा संबळ घरी वाजवून घ्या. दोन्ही तोंडांवरचा एकेक ठोका, हलका, मध्यम, जोराचा, असा वेगवेगळा रेकॉर्ड करा आणि हायड्रोजन या ड्रम मशीनमध्ये त्याचा संच बांधा. तुणतुण्याचंही तसंच. शास्त्रीय गाणाऱ्यांना श्रुती जुळवायच्या असतील, तर सर्ज एक्सटी आणि झिनअॅडसबएफएक्स या मोफत सिंथेसायझरमध्ये स्वरांतरं नोंदवलेली स्काला फाइल टाकून हवी ती स्वरांतरं ठेवता येतात.

रेकॉर्डिंगचं मुख्य सॉफ्टवेअर म्हणून आर्डर घ्या, डिस्ट्रोच्या साठ्यातून ते फुकट मिळतं. रीपरही लिनक्सवर उत्तम चालतं, साठ दिवस वापरून बघता येतं आणि त्यानंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलरला आहे. एकट्या आवाजाचं काम असेल तर ऑडॅसिटी पुरे. ऑडॅसिटीचे आणि लिनक्सचे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही आहेत. इंग्रजी व्हिडिओला कंटाळलेल्यांनी तिथून सुरुवात करावी.

टाकण्याची तयारी. उबंटू स्टुडिओची फाइल पाच-सहा जीबीची असते. मोबाइलच्या दीड-दोन जीबीच्या रोजच्या डेटावर ती उतरवायच्या फंदात पडू नका. ज्याच्याकडे फायबर आहे अशा मित्राकडे जा, आणि पेनड्राइव्हवर व्हेंटॉय हे साधन टाकून दोन-तीन डिस्ट्रोंच्या फायली एकदमच घेऊन या. मग लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू करा, काहीही न टाकता. वायफाय चालतं का, इंटरफेस जोडल्यावर दिसतो का, दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग होऊन ते ऐकू येतं का, झाकण लावून उघडल्यावर आवाज परत येतो का, एवढं तपासा. लेटन्सीची परीक्षा मात्र तिथे घेऊ नका. पेनड्राइव्हवरून चालणारी डिस्ट्रो मंदच असते. विंडोज ठेवणार असाल तर आधी त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून ठेवा आणि जागा विंडोजमधूनच मोकळी करा.

यानंतर ज्या अडचणी येतात त्यांचा डिस्ट्रोशी संबंध नसतो, पण दोष तिलाच लागतो. सगळ्यांत मोठी अडचण अर्थिंगची. जुन्या घरांत अर्थिंग नसतं किंवा नावापुरतं असतं, आणि चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये घुंई असा आवाज येतो. चार्जर काढून पाहा. घुंई थांबली तर रोग बहुधा वायरिंगमध्ये आहे, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तोवर बॅटरीवर रेकॉर्ड करा. पण बॅटरीवर गेल्याबरोबर लॅपटॉप प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि खटके सुरू होतात, म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स निवडून ठेवा. वैशाखात पारा ४४ च्या पुढे जातो तेव्हा आणखी एक अडचण येते. लॅपटॉप तापला की स्वतःहून मंदावतो, त्याचा पंखा माइकमध्ये शिरतो, आणि छताचा पंखा तर बंदच ठेवावा लागतो. त्या दिवसांत रेकॉर्डिंग पहाटे करा, दुपारी फक्त कापाकापी करा.

लाइट गेली तरी लॅपटॉप चालू राहतो, ही डेस्कटॉपपेक्षा त्याची मोठी सोय. डेस्कटॉपच असेल तर यूपीएसशिवाय कीर्तनाचं सलग रेकॉर्डिंग लावू नका. जागेचा हिशेबही आधी करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबीच्या थोडा वर जागा खातो. आठ माइक आणि दोन तासांचं कीर्तन म्हणजे सव्वाआठ जीबी. १२० जीबीच्या एसएसडीवर बरीच जागा डिस्ट्रो आणि प्लगइननी आधीच व्यापलेली असते. त्यामुळे बाहेरची एक डिस्क फक्त गाण्यांसाठी ठेवा, ती लिनक्सच्याच एक्स्ट४ पद्धतीने फॉरमॅट करा, आणि त्याच रात्री दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर.

एकदा सगळं नीट वाजू लागलं की टाइमशिफ्ट हे सॉफ्टवेअर चालवून व्यवस्थेची प्रत काढून ठेवा. सुरक्षा अपडेट घेत राहा, पण नवी आवृत्ती आली म्हणून हातातलं गाणं अर्धं असताना ती चढवू नका. आणि पेनड्राइव्हवरची ती पहिली फाइल पुसू नका, लॅपटॉप बदलला तर पुन्हा पाच-सहा जीबी उतरवायला मित्राकडे जावं लागणार नाही.